फुटाणेबाईंचा सूड

पेढ्याचं खोकं उघडलं की चारचौघांचे चेहरे फुलतात. फुटाणेबाईंचा चेहरा त्या क्षणी पोलिसासारखा व्हायचा. खोकं कुणी आणलं, कशाबद्दल आणलं, किती हातांतून गेलं, हे सगळं त्या तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवून उभ्या उभ्या टिपायच्या. आणि खोकं ड्रायव्हरच्या केबिनकडे सरकू लागलं की मधे येऊन उभ्या राहायच्या. तो ड्रायव्हर मी. त्या बाईवर मी जेवढा राग धरला, तेवढा आयुष्यात कुणावर धरला नाही, बायकोवरसुद्धा नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुठे माझा आवाज बसला तर तुम्ही फसणार नाही.

बाई कंडक्टर होत्या. साकोली ते भंडारा, मधे लाखनी, अशा आमच्या लाल गाडीच्या दिवसाला चार फेऱ्या व्हायच्या. पन्नाशीला आलेल्या, अंगानं काटकुळ्या, खाकी कपड्यांना कडक इस्त्री. कमरेला एक निळी कापडी पिशवी खोचलेली असायची, तिच्यात फुटाणे. आगारात कुणी त्यांना नावानं हाक मारत नसे. पुढे बोलायचं असलं की 'मॅडम', मागे बोलायचं असलं की 'फुटाणेबाई'. मी मागेच जास्त बोलायचो.

त्यांची ड्युटी माझ्यासोबत लागली आणि त्याच महिन्यात माझी साखर तीनशेच्या वर निघाली. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी खाण्याचा तक्ता लिहून दिला आणि सांगितलं, दरवर्षी तपासणी होते, साखर अशीच राहिली तर डोळे जातील आणि डोळ्यांआधी स्टेअरिंग जाईल. निवृत्तीला माझी चार वर्षं होती. सत्तावीस वर्षं गाडी चालवून शेवटी आगाराच्या गेटवर खुर्ची टाकून गाड्यांचे नंबर लिहीत बसायचं? छे! मला स्टेअरिंगवरूनच घरी जायचं होतं, शेवटच्या दिवशी गाडीला झेंडूच्या माळा लावून. यापलीकडे देवाकडे काही मागितलं नव्हतं. पण तक्त्यात लिहिलेलं होतं: भात एक वाटी. धानाच्या बांधीत जन्म गेलेल्या माणसाला एक वाटी भात! पुढे लिहिलं होतं: साखर, गूळ, मिठाई बंद. तक्ता मी खिशात टाकला आणि खाली उतरून बालुशाही खाल्ली.

तो तक्ता बाईंच्या हाती कसा लागला, मला आजवर कळलं नाही. माझ्या बायकोचाच हात असणार. दुसऱ्या दिवशी तो माझ्या डोक्यावरच्या आरशाशेजारी चिकटवलेला होता. मागची गाडी बघायला मान वर केली की आधी 'भात एक वाटी' दिसायचं.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. गाडी ज्या हॉटेलसमोर थांबते, तिथे ड्रायव्हर-कंडक्टरचा चहा-नाश्ता हॉटेलवाल्याचा असतो. मागावा लागत नाही. लाखनीच्या आमच्या हॉटेलात माझा चहा चार चमच्यांचा, सोबत बशीत दोन बालुशाह्या, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. बाईंनी पहिल्याच आठवड्यात मालकाला सांगून टाकलं, "आजपासून याइचा चहा तीन चमचे. पंधरा दिवसानं अडीच. मंग दोन. एकदम बंद नोका करू, माणूस चवताळते." मालकानं निमूट ऐकलं! वीस वर्षांची ओळख माझी, आणि ऐकलं तिचं. बालुशाहीच्या जागी बशीत पेरू येऊ लागला. मी पेरूकडे बघून घेतलं आणि मनात म्हटलं, बाई, तुला बघून घेईन.

त्यांचा पहिला प्रश्न कायम एकच असायचा. "भाऊ, भूक लागली का तल्लफ आली?" आणि उत्तराची वाट न बघता केबिनच्या जाळीतून मूठभर फुटाणे पुढे करायच्या. "भूक असन तं हे गोड लागतीन. तल्लफ असन तं तुमी तोंड वाकडं करसान." मी तोंड वाकडं करायचो. मग त्या मागे जाऊन तिकिटं फाडत फाडत, म्हणजे मशीनमधून काढत काढत, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगायच्या, "तल्लफ म्हणजे बिनातिकिटाचा पाशिंजर हाय. चढला का लय रुबाब करते. दोन थांबे त्याच्याकडे पाहूच नोका. तिसऱ्यावर आपोआप उतरून जाते." लोक हसायचे. माझ्या गाडीत, माझ्यावर!

खरं सांगायचं तर तिसऱ्या थांब्यावर तल्लफ उतरायची. पण हे मी त्यांना कधी कळू दिलं नाही.

सूड घ्यायचा म्हणून मी बालुशाही लपवू लागलो. सीटखाली नाही, तिथे त्या बघायच्या. टूलबॉक्समध्ये नाही, तिथे ग्रीसचा वास. मला सुचली प्रथमोपचार पेटी. ती पेटी कुणी उघडत नाही, आत काय असतं तेही कुणाला ठाऊक नसतं. महिनाभर मी राजासारखा खात होतो. मग एक दिवस मुंडीपारजवळ एका म्हातारीच्या बोटाला खिडकीची काच लागली. बाईंनी पेटी उघडली. आत कापूस, आयोडीनची बाटली आणि कागदात तीन बालुशाह्या. बाईंनी म्हातारीच्या बोटाला पट्टी बांधली, एक बालुशाही तिच्या हातावर ठेवली, उरलेल्या मागच्या सीटवर वाटून टाकल्या आणि केबिनपाशी येऊन एवढंच म्हणाल्या, "औषध संपलं भाऊ. पेटीत नवं भरून घ्याल." त्या दिवशी भंडाऱ्यापर्यंत मी गिअर असे टाकले की गाडी कण्हत होती.

बुद्ध जयंतीला त्या पहाटेच लाखनीच्या विहारातून खिरीचा डबा घेऊन गाडीत चढायच्या. प्रत्येक प्रवाशाच्या हातावर कागदी द्रोण, द्रोणात खीर. तिकिटाआधी खीर, असा त्यांचा त्या दिवसाचा नेम होता. वेलचीचा घमघमाट सगळ्या गाडीत. माझ्यापाशी आल्या की निळी पिशवी. दुसऱ्या वर्षी माझा तोल गेला. मी म्हटलं, "बाई, एक दिवस तुमच्या नावाची खीर खाईन मी. द्रोणभर नाही, गंजभर, अख्खं पातेलं!" असं कुणाला बोलू नये, बोलताक्षणी कळलं. पण त्या रागावल्या नाहीत. हसल्या. "खाजा ना भाऊ. तवा मी अडवाले कायले येईन?"

आणि मग तो पेढा आला. साकोलीहून एक सासरेबुवा चढले होते, त्यांच्या सुनेला मुलगी झाली होती. पहिला पेढा ड्रायव्हरला, ही आपल्याकडची पद्धतच. माणूस केबिनपाशी आला, पेढा जाळीतून आत आला, माझा डावा हात स्टेअरिंगवरून सुटला. बाई मागे, गर्दीत अडकलेल्या. त्यांना पुढे येता येईना. त्यांनी दोरी ओढली. एक बेल.

एक बेल म्हणजे थांबा, दोन बेल म्हणजे चला. इतकी वर्षं पाय तेवढंच शिकला आहे. बेल वाजली आणि डोक्याला काही कळायच्या आत माझ्या पायानं ब्रेक मारला, भर हायवेवर. सासरेबुवा माझ्या खांद्यावर, पेढे काचेवर, मागच्या एका प्रवासिणीच्या टोपलीतले शिंगाडे सगळ्या गाडीभर. मागचा ट्रकवाला हॉर्न देत, शिव्या देत बाजूनं गेला. कुणाला लागलं नाही, नशीब. पण सगळी गाडी ओरडली ती माझ्यावर. "आंधळा हायेस का बे? काहून थांबवली?" मी काय सांगणार, पेढ्यासाठी बेल मारली म्हणून? बाई शिंगाडे गोळा करत होत्या. मान वर करून म्हणाल्या, "ब्रेक चांगले हायेत भाऊ तुमचे."

त्याच संध्याकाळी मी आगारात बसून अर्ज लिहिला. ही कंडक्टर ड्रायव्हरच्या कामात ढवळाढवळ करते, तिच्यामुळे प्रवाशांच्या जिवाला धोका झाला, तिला माझ्या गाडीवरून काढा. पेढ्याचा उल्लेख केला नाही. सुवाच्य अक्षरात लिहिला, शाळेत परीक्षेला लिहायचो तसा. पंधरा दिवसांत बाईंची तुमसरकडे बदली झाली. घर लाखनीला, कामावर तुमसरला. अंधारात उठून दोन गाड्या बदलून जायचं. जायच्या दिवशी त्या स्टँडवर मला भेटल्या. मला वाटलं होतं भांडतील, दोन शिव्या देतील. मी तयारच होतो. त्या म्हणाल्या, "अर्ज वाचला मी. अक्षर सुंदर हाय तुमचं." आरशाशेजारचा तक्ता त्यांनी काढला नाही. मी काढला, चुरगळला आणि खिडकीबाहेर फेकला.

मग काय! लाखनीचा चहा परत चार चमच्यांवर. बशीत बालुशाह्या. दिवाळी झाली, गावोगाव मंडईच्या जत्रा भरू लागल्या, ज्या थांब्यावर बघावं तिथे कुणीतरी करंज्या, अनारसे घेऊन चढायचं आणि पहिला मान ड्रायव्हरचा. एकेक अनारसा खाताना मी मनात म्हणायचो, हा घ्या बाई, हा तुमच्या नावानं. सूड इतका गोड असतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

चौथ्या महिन्यात एका दुपारी लाखनीच्या अलीकडे समोरच्या ट्रकचे मागचे दिवे दोनाचे चार दिसू लागले. डोळे चोळले तरी चार. मी गाडी कडेला घेतली आणि दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून बसून राहिलो. मागे बावन्न माणसं होती. नव्या कंडक्टरनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, चाक बघतो. खाली उतरलो, चाकाजवळ उभा राहिलो. भंडाऱ्याला डॉक्टरांनी साखर बघितली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. सहा आठवडे देतो, तोवर गाडी चालवायची नाही. उतरली तर परत स्टेअरिंग, नाही तर विसरा.

पहिले आठ दिवस मी स्वतःच्या जोरावर काढले. खोटं कशाला सांगू, चार दिवस काढले. पाचव्या दिवशी घरात गोड काही नव्हतं म्हणून देवापुढची खडीसाखर उचलून खाल्ली. कपाळाला हात लावला, कपडे केले आणि तुमसरची गाडी पकडली. तिथून नाकाडोंगरीला जाणारी गाडी. तिच्यावर बाई होत्या.

मी मागच्या सीटवर बसलो. बाई तिकिटं काढत काढत माझ्यापाशी आल्या, थांबल्या, हात पुढे केला. "पास दाखवा." मी पास दाखवला. त्या पुढे गेल्या. बाजूनं खाणीचे ट्रक धूळ उडवत जात होते. एक थांबा गेला, दुसरा गेला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिसऱ्या थांब्यानंतर शेजारी येऊन बसल्या. "अजून उतरले नाही? म्हणजे खरंच काम असन."

मी सगळं सांगितलं. ट्रकचे दिवे, डॉक्टर, खडीसाखर. अर्जाबद्दल चूक झाली म्हणायचं होतं, पण ते तोंडातून निघेना. मी उलट चिडून विचारलं, "बाई, तुम्ही माझ्याच मागे का लागला होता? मी तुमचं काय घोडं मारलं होतं?"

त्या मशीनच्या बटणांवरून बोट फिरवू लागल्या. मग बोलल्या. त्यांचा नवराही ड्रायव्हर. त्यालाही साखर. आधी पायाचा अंगठा काढला, मग पाऊल, मग तो गेला. त्याच्या जागी बाईंना नोकरी मिळाली. "साखरेनं माहा माणूस नेला आन् मले नोकरी लावून देली. लोक म्हणत, नशीब चांगलं. पर भाऊ, खरी गोष्ट कोणाले नाही सांगितली. तक्ता त्याइलेही देला होता डाक्टरनं. फिका चहा पाहून ते रुसून बसत. मले पाह्यवत नव्हतं. मी चोरून साखर टाकत होती त्याच्यात. रोज. ते पेऊन हासत, आन् मले बरं वाटे." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "तुमच्यासाठी नाही करत मी हे. मी साखरेवर सूड घेऊन राहिली. आन् माह्यावर बी."

नाकाडोंगरी आली, सगळे उतरले, मी बसूनच राहिलो. बाईंनी निळी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

आता एकमेकांपासून इतके लांब, तर पहारा कसा ठेवायचा? त्यांनीच उपाय काढला. तल्लफ आली की मी मिस कॉल द्यायचा. त्या एक रिंग देऊन फोन कापायच्या. एक रिंग म्हणजे थांबा. मग मी पाणी प्यायचो, फुटाणे खायचो, अंगणात चकरा मारायचो. दहा-पंधरा मिनिटांनी दोन रिंग यायच्या. म्हणजे चला, उतरला तो. सहा आठवडे दिवसातून सहा-सात वेळा हा आमचा संवाद चालला. शब्द एक नाही. बायको म्हणायची, या वयात कुणाला मिस कॉल देता हो? मी म्हणायचो, माझ्या वैरिणीला.

साखर उतरली. डॉक्टरांनी कागदावर सही केली, स्टेअरिंग परत हातात आलं. मी बाईंना म्हटलं, दुसरा अर्ज लिहितो, तुम्हाला परत आणतो. त्या म्हणाल्या, "राहू द्या आता. इकडंबी गोड खाणारे डायवर भेटले मले." जाता जाता माझा राग त्यांनी आणखी वाढवून ठेवला. केलेल्या वाईटाची भरपाईसुद्धा करू दिली नाही. यापेक्षा मोठा सूड कोणता?

पुढच्याच वर्षी, बुद्ध जयंतीच्या महिनाभर आधी, बाई पहाटे कामावर जायला निघाल्या आणि अंगणातच खाली बसल्या. परत उठल्या नाहीत. त्यांची मुलगी आत डबा भरत होती.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम लाखनीच्या विहारात होता. मी खाकी कपड्यातच गेलो, दोन फेऱ्यांच्या मधला वेळ काढून. वंदना झाली, लोक बोलले, मग पंगत बसली. समोर फुलं वाहिलेला बाईंचा फोटो, फोटोतही कडक इस्त्री. फोटोशेजारी त्यांचं तिकिटाचं जुनं पाकीट आणि मोबाइल ठेवला होता. मुलगी माझ्यापाशी आली. तिच्या हातात छोटा गंज होता, काठोकाठ खिरीनं भरलेला. "काका, आई हासून सांगत होती, तुमी एक दिवस तिच्या नावाची गंजभर खीर खाणार हाय म्हणून. मी वेगळी काढून ठेवली तुमच्यासाठी."

वेलचीचा तोच घमघमाट. अडवायला कुणी नाही. इतकी वर्षं ज्या घटकेची वाट पाहिली, ती ही. मी चमचा भरला. हात तोंडाकडे नेला. आणि दुसरा हात, माझ्या नकळत, खिशात गेला. बोटांनी सवयीनं बटण दाबलं.

फोटोशेजारचा मोबाइल वाजला. पंगतीतली माणसं दचकून बघू लागली. मुलगी धावत गेली, फोन उचलून नाव वाचलं. नंतर तिनं मला दाखवलं. माझा नंबर बाईंनी 'बिनातिकीट' या नावानं ठेवला होता. मुलीनं एकदा फोनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, माझ्या हातातल्या चमच्याकडे. तिला सगळं ठाऊक असणार. तिनं कॉल लावला. माझा फोन एकदा वाजला आणि बंद झाला.

एक बेल. पायानं ब्रेक मारतो तसा हात थांबला. चमचा मी गंजात ठेवला आणि भर पंगतीत, खाकी कपड्यात, लहान मुलासारखा रडलो. मेल्यावरही बाईनं मला खाऊ दिलं नाही!

त्याला आता वर्ष होत आलं. माझे शेवटचे तीन महिने उरले आहेत, डोळे ठीक आहेत, स्टेअरिंग हातात आहे. निळी पिशवी माझ्या कमरेला असते. आमच्या आगारात एक ड्रायव्हर आहेत, पन्नाशीचे, आडव्या अंगाचे, बुंदीशिवाय घास न उतरणारे. यंदा त्यांचा कागद तीनशेवर आला. मी त्यांच्या हॉटेलवाल्याला गाठलं. त्यांच्या पेटीतला कापूस उचकला. परवा सगळ्यांसमोर त्यांच्या हातातला जिलबीचा पुडा काढून घेतला.

काल साहेबांनी मला बोलावून एक अर्ज पुढे सरकवला. मी चष्मा लावून नीट वाचला. हा माणूस माझ्या कामात ढवळाढवळ करतो, माझ्या खाण्यावर पहारा ठेवतो, याला माझ्यापासून दूर ठेवा. साहेबांनी विचारलं, काय म्हणणं आहे तुमचं? मी म्हटलं, काही नाही साहेब, अक्षर जरा सुधारायला सांगा.

उद्या सकाळी त्यांची साकोलीहून पहिली गाडी आहे. फुटाणे मी आत्ताच बांधून ठेवले.